साडेपाच गुण

सगळे हसले तेव्हा तोही हसला. नुसता ओठांतल्या ओठांत नाही, चांगला मान मागे टाकून, शेजारी बसलेल्या जाड्या पंचाच्या पाठीवर थाप मारून हसला. समोरच्या पडद्यावर पाच आकडे होते. सात, साडेसात, साडेपाच, आठ, साडेसात. मधल्या आकड्याभोवती शिकवणाऱ्या बाईंनी लाल गोल काढला होता आणि त्या विचारत होत्या, "चार पंचांना एक सूर दिसला, पाचव्याला दुसराच दिसला. काय झालं असेल ह्यांचं?" मागून कुणीतरी म्हणालं, "डोळ्यांत ऊन गेलं असेल." "डोळा लागला असेल," दुसरा म्हणाला. जाड्या पंचाने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि परवानगी घेऊन सांगितलं, "बाई, घरून भांडून आला असेल बिचारा." त्यावर हशा पिकला आणि त्याने ती थाप मारली. हात अजून जाड्याच्या पाठीवरच होता, शर्टाखालचा घाम तळव्याला लागत होता, आणि तेवढ्यात ते आकडे त्याने पुन्हा वाचले. या वेळी एकेक करून. सात, साडेसात, साडेपाच, आठ, साडेसात. पाढे पाठ असतात तसे ते त्याला पाठ होते. त्या स्पर्धेत तिसऱ्या खुर्चीवर तोच बसला होता.

वर्ग पंचांचा होता. उंच फळीवरून पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धांना जे गुण देतात, त्या सगळ्यांना संघटनेने एक दिवस तलावाच्या वरच्या मजल्यावर बोलावून घेतलं होतं. घडीच्या खुर्च्या, खालून येणारा क्लोरिनचा वास, आणि शिकवायला दुसऱ्या शहरातून आलेल्या एक तरुण बाई. त्यांनी जुन्या चित्रफितींतले चाळीस सूर निवडले होते आणि प्रत्येकातला माणूस संगणकावर काळा करून टाकला होता. चेहरा नाही, केस नाहीत, पोशाखाचा रंग नाही, क्लबचं नाव नाही. नुसती पडछाया फळीवरून उठायची, हवेत वळायची आणि पाण्यात जायची. "माणूस पुसलाय, सूर तेवढा ठेवलाय," बाई म्हणाल्या होत्या. सकाळी सगळ्यांनी गुण द्यायचे, दुपारी त्याच सुरांना प्रत्यक्ष स्पर्धेत काय मिळालं होतं ते पडद्यावर ताडून बघायचं. नावं कुणाचीच नाहीत, मारणाऱ्यांची नाहीत आणि पंचांचीही नाहीत. पडद्यावरच्या या एकोणतीस नंबरच्या सुराला सकाळी त्याने आठ दिले होते. पाठमोरी उभी राहून घेतलेली दीड कोलांटी, कमरेत घडी, मग शरीर उलगडलं आणि पाणी नुसतं उघडून मिटलं. आठ लिहिताना मनात आलेलं वाक्यही त्याला आठवत होतं. कुणी शिकवलंय हिला, छान शिकवलंय.

त्यानेच शिकवलं होतं. सात वर्षांची असल्यापासून, रोज सकाळी, याच तलावात. ती त्याची मुलगी होती.

तो उठून बाहेर आला. जिन्याच्या वळणावर मोठी काच होती, तिच्यातून खाली तलाव दिसायचा. त्याने काचेला कपाळ टेकलं. खाली पोहणारे एका मागोमाग एक जात होते, टोकाला पोचून वळत होते. साडेपाच त्याला चटका लावून गेले नव्हते; साडेपाच त्याला ठाऊक होते, सतरा वर्षं ठाऊक होते, ते त्याने पाळलेलं दुखणं होतं. लागलं ते आठ. दहा हजार वेळा तरी त्याने तिला त्या फळीवरून जाताना पाहिलं असेल. तिचे खांदे, फळीच्या टोकावर टाचा बाहेर काढून उभं राहण्याआधीचा तिचा एक श्वास, डाव्या हाताची करंगळी जराशी बाहेर राहण्याची खोड. आणि पुसलेल्या माणसात त्याला यातलं काहीच दिसलं नाही. रस्त्यात बापाने पोरीला न ओळखता वाट द्यावी, वर "कुणाची गुणी मुलगी" म्हणावं, तसं झालं. ओळखलं असतं तर आठ दिले असते का, असं त्याने स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत तो पायऱ्या उतरायला लागला. वर्ग सुटायला अजून तास होता. जाड्या पंच वरून ओरडला, "सर, चहा येतोय!" त्याने न बघता हात हलवला.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. गावभर त्याला काटा म्हणत. तोंडावर सर, पाठीमागे काटा, तराजूचा काटा. इकडे नाही, तिकडे नाही, मधोमध उभा. हे नाव त्या एका दिवसाने दिलं होतं. निवडीची स्पर्धा होती, जिंकणारीला बाहेर देशी जायला मिळणार होतं, आणि मुलगी सतरा वर्षांची होती. पाचवा पंच ऐनवेळी आजारी पडला म्हणून याला बसवलं. पोटच्या पोरीला गुण द्यायचे नसतात असा नियम तेव्हा नव्हता, निदान लिहिलेला नव्हता. मधल्या सुट्टीत चहा घेताना दुसऱ्या क्लबचा एक प्रशिक्षक त्याच्या कपात साखर घालता घालता म्हणाला होता, "आज काय बुवा, घरचंच कार्य." एवढंच. हसून म्हणाला होता, साखर किती, हेही विचारलं होतं. पण ते वाक्य घशाखाली उतरलं नाही. शेवटच्या सुराला मुलगी शिडी चढली तेव्हा त्याला फळीवर ती दिसत नव्हती. त्याला आपली स्वतःची मान मागून दिसत होती, ज्या दीडशे माणसांना ती दिसत होती त्यांच्या डोळ्यांनी. तेव्हा गुण पाट्यांवर दाखवायचे. हातात धरायची पाट्यांची वही असायची, हवा तो आकडा उलटून वर धरायचा. पाणी मिटलं तेव्हा त्याचा अंगठा साडेसातवर होता. हे त्याला अजून अंगठ्यातच आठवायचं. साडेसात. मग अंगठ्याने एक पान मागे टाकलं, सात. सातही जास्त वाटले, कारण सात तर कुणीही देईल. आणखी एक, साडेसहा. आणखी एक. कुठे थांबायचं ते अंगठ्याला कळेना, आणि शिट्टी झाली तेव्हा जे पान वर होतं ते त्याने उचललं.

आधी कुजबुज झाली, मग शांतता. आणि त्या शांततेत, हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, त्याला बरं वाटलं. उन्हातून सावलीत आल्यासारखं अंग निवलं. स्पर्धा संपल्यावर संघटनेच्या सेक्रेटरीने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "माणूस असावा तर असा," तो म्हणाला. साखर घालणारा प्रशिक्षक येऊन खाली मान घालून उभा राहिला. पंचांमुखी परमेश्वर म्हणतात, आज तो बघितला, असंही कुणीतरी म्हणालं. मुलगी ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून, लांब उभी होती. तिच्याकडे जायला त्याला वीस मिनिटं लागली, कारण वाटेत इतकी माणसं त्याचा हात हातात घेत होती.

बस एका सिग्नलला अडकली. सतरा वर्षं त्याने एक हिशेब उशाशी ठेवला होता: माझा आकडा तर खोडलाच गेला. नियमच तसा. पाच आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान खोडायचा, उरलेल्या तिन्हींची बेरीज करायची आणि सूर जितका अवघड तितक्याने गुणायचं. साडेपाच सगळ्यात लहान, म्हणून खोडले. मी दिलेले गुण तिला लागलेच नाहीत. मग तिचं काय गेलं? बायकोलाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि तिनेही मान डोलवली होती, कारण गणित त्याच्याकडे असायचं. आज बसच्या काचेवर बोटाने त्याने ते पुन्हा मांडलं. साडेपाच आणि आठ खोडले, राहिले सात, साडेसात, साडेसात. बावीस. आता साडेपाचच्या जागी आजचे आठ. मग खालचा सात खोडला जातो, दोन आठांतला एक खोडला जातो, राहतात साडेसात, साडेसात, आठ. तेवीस. एकाचा फरक. त्या सुराचा गुणक दोन पूर्णांक चार. म्हणजे दोन पूर्णांक चार गुण. मुलगी हरली होती एक पूर्णांक पंच्याऐंशीने. हे गणित चौथीतल्या पोराला जमलं असतं. ते करायला त्याला सतरा वर्षं लागली, कारण त्याने ते कधी करायलाच घेतलं नव्हतं.

आणि मग एक धागा ओढला की सगळी वीण सुटते तसं व्हायला लागलं. काटा म्हणवून घ्यायला लागल्यापासून आपल्या तलावातल्या प्रत्येक पोराला त्याने अर्धा गुण कमी दिला होता. कधी ठरवून नाही; हात आपोआप मागे यायचा. आपल्याकडच्या पोरांच्या आयांनी तेही कौतुकाने घेतलं, सर कडक आहेत म्हणून. आणि ज्यांचं नाव आधीच मोठं होतं, त्यांचा सूर हवेत असतानाच त्याच्या मनात आठ तयार असायचे, पाण्याने फक्त होकार द्यायचा. पहिल्या नंबरला उडी मारणाऱ्याला पंच कमी देतात, पुढच्यांसाठी जागा ठेवतात, असं बाईंनी सकाळी आलेख काढून दाखवलं तेव्हा तो इतरांकडे बघत होता. जुन्या, कमरेला ढिल्या झालेल्या पोशाखातला एक मुलगा होता, नेहमी त्याचीच उडी पहिली असायची, कारण त्याच्या क्लबचं नाव यादीत पहिलं असायचं. त्याचं पुढे काय झालं? त्याला आठवेना. चेहराही आठवेना. फक्त तो पोशाख आठवला, आणि पोशाख बघून आपण आधीच सहा ठरवल्याचं आठवलं.

घरी आला तेव्हा बायको गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. "झाला वर्ग? आता मास्तरांनाही मास्तर," ती म्हणाली. "काय शिकवलं?" "काही नाही. जुनंच," तो म्हणाला. तिने एक चादर त्याच्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं, आणि दोघांनी ती घडी केली. घडी करताना दोघं जवळ येतात, टोकाला टोक लागतं. तेव्हा सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण चादर तिच्याकडे गेली आणि दुसरी आली. मुलगी तेव्हा याच घरात राहत होती. निवडीच्या त्या दिवसानंतर तिने आणखी आठ-नऊ महिने सराव केला आणि मग एका सकाळी तलावावर जायला उठलीच नाही. ओरडून झालं, समजावून झालं. ती एवढंच म्हणाली, "मला आता जमत नाही, बाबा. तुम्ही जा." आधी ती त्याला अरे-तुरे करायची. बाबा, तू बघितलंस का, बाबा, तू सांग ना. त्या सुमाराला कधीतरी तिचा तू गेला आणि तुम्ही आला. पोर मोठी झाली, वळण लागलं, असं त्याने तेव्हा चार लोकांत कौतुकाने सांगितलं होतं.

चहा झाल्यावर त्याने सेक्रेटरीला फोन लावला. तोच सेक्रेटरी, आता अध्यक्षांच्याही वरचढ झालेला. "पुढच्या महिन्याच्या स्पर्धेतून माझं नाव काढा," तो म्हणाला.

"काय झालं सर? तब्येत?"

"तब्येत ठीक आहे. माझ्या गुणांवर माझाच भरवसा राहिला नाही."

सेक्रेटरी मोठ्याने हसला. "अहो, तुम्ही असं म्हणायला लागलात तर राहिलं कोण? स्वतःच्या पोरीला साडेपाच देणारा माणूस! मी प्रत्येक नव्या पंचाला पहिला तुमचा किस्सा सांगतो."

"ते साडेपाच चुकीचे होते. आज मी तोच सूर पुन्हा बघितला. आठांचा सूर होता तो. भीतीने कमी दिले मी."

पलीकडे सेक्रेटरीने नाक ओढलं. "बघा," तो म्हणाला, "हाच तुमचा मोठेपणा. इतक्या वर्षांनी स्वतःच स्वतःला तपासताय. सर, मी हेही सांगणार आहे पोरांना." त्याने फोन ठेवला. काही केल्या कौतुकाची ती शाल अंगावरून उतरत नव्हती; ओढावी तशी आणखीच घट्ट बसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलीच्या कामाच्या जागी गेला. औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांत ती कवळ्या बनवायची. शहरातले सात-आठ दंतवैद्य तिच्याकडे साचे पाठवत. आठवड्यातून एकदा ती घरी यायची, आईबापांच्या गोळ्या बघायची, काय संपलंय विचारायची. तो मात्र इथे चार-पाच वर्षांत दोनदाच आला असेल. टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेत मांडले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. ती तोंडाला फडकं बांधून एका कवळीची कड घासत होती. त्याला बघून तिने मशीन बंद केलं.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. असाच आलो."

"असेच तुम्ही येत नाही." तिने फडकं खाली ओढलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा. हे अकरापर्यंत द्यायचंय, चालेल ना मी करत राहिले तर?"

तो बसला. येताना त्याने वाक्यं जुळवली होती, चांगली सरळ वाक्यं. पण तिच्या हातातली ती दुसऱ्याच्या तोंडची हिरडी बघता बघता ती सगळी वाकडी झाली. "काल आमचा वर्ग होता," तो म्हणाला. "जुने सूर दाखवले. माणूस ओळखू येत नाही असे, काळे करून. गुण द्यायचे आणि मग जुने गुण बघायचे. त्यात तुझा एक होता."

"कुठला?"

"निवडीच्या दिवसाचा. शेवटचा."

तिने कवळी टेबलावर ठेवली. उलटी पडली म्हणून पुन्हा सरळ करून ठेवली. "मग?"

"मी आठ दिले. तुझा आहे हे मला कळलं नाही. आठ दिले आणि नंतर कळलं." आणि मग त्याने सगळं सांगितलं. अंगठा, पाट्या, साखर घालणारा प्रशिक्षक, बावीस आणि तेवीस. तू जिंकली असतीस, म्हणाला. लोक काय म्हणतील म्हणून मी तुला खाली ओढलं, म्हणाला. लोकांनी वाहवा केली ती मला आवडली, हेही म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला वाटलं की आता सगळं संपलं, याच्या तळाशी आणखी काही नाही. खाली औषधांच्या दुकानात कुणीतरी कडाकडा भांडत होतं, सुटे नाहीत म्हणून.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होते मी, कुकुलं बाळ नव्हते. पाण्यातून डोकं वर काढलं की मी आधी तुमच्याकडे बघायचे. पाटी बघितली तेव्हाच कळलं. आठवडाभर रडले. मग म्हटलं, जाऊ दे, बाबांचीही पंचाईत झाली असेल. खरंच सोडून दिलं होतं ते मी."

त्याच्या छातीवरचं ओझं जरा हललं. "मग सूर का सोडलास?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "गाडीत तुम्ही जे सांगितलंत, त्याने."

"काय सांगितलं?"

"आठवत नाही तुम्हाला?"

त्याला आठवत नव्हतं. गाडी आठवत होती, पुढच्या सीटवर बसलेली ती, सीट ओली होऊ नये म्हणून खाली घातलेला टॉवेल, आणि तिने विचारलेला एकच शब्द: का?

"घोटे," ती म्हणाली. "पाण्यात शिरताना तुझे घोटे सुटतात, म्हणालात. बोटभर. इतरांना दिसत नाही, मला दिसतं, म्हणून साडेपाच."

तेव्हा त्याला आठवलं. तिच्या त्या 'का'च्या खाली त्याला काहीतरी ठेवायचं होतं. गाडी चालवता चालवता त्याने शोधलं आणि जे पहिलं हाताला लागलं ते ठेवलं. घोटे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच रबरी पट्टा घेऊन आली आणि त्याने फळीखाली गुडघे टेकून तिच्या घोट्यांना तो बांधला. रोज बांधला. आणि खरी गोष्ट ही की थोड्या दिवसांनी त्याला ती फट दिसायलाही लागली होती. एकदा तोंडातून गेल्यावर डोळा ती शोधायचा आणि शोधली की सापडायची. सापडली, की तो काठावरून ओरडायचा: घोटे! जिथे अंगाने आपोआप करायचं तिथे ती विचार करायला लागली, पाणी आलं तरी घोट्यांचाच विचार करत राहिली, आणि सपाट पडू लागली. पाठीवर लाल-निळे वळ उठायचे. आठ महिने. पोर चुकतच चालली, असं त्याने तेव्हा बायकोला सांगितलं होतं.

"मी ते बनवलं होतं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्याला ऐकू आला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "घोट्यांचं. मनानेच बनवलं होतं."

"काल कसे होते?"

"अं?"

"काल बघितलंत ना? घोटे कसे होते माझे?"

"तीनदा दाखवला तो सूर. एकदा सावकाश." त्याने डोळे मिटले आणि ती काळी आकृती पुन्हा पाण्यात जाऊ दिली. "जुळलेले होते."

"नीट आठवा."

"जुळलेले होते. पार पाण्याखाली जाईपर्यंत."

ती उठली. बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागली. नखांत गेलेलं प्लास्टर ती बोट बोट करून काढत होती आणि पाणी वाहत होतं. पोरी, मला क्षमा कर, असं काहीतरी तो म्हणाला. निदान ओठ तरी हलले. पाण्याच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसावं. नळ बंद करून, पाठ त्याच्याकडेच ठेवून, ती म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं." मग जरा थांबून, आणखी हळू, तेच पुन्हा म्हणाली. ते त्याला उद्देशून नव्हतं. त्याला वाटलं होतं की आपण तिच्यापुढे आपला गुन्हा ठेवायला आलोय आणि ती तो उचलेल किंवा लाथाडेल. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिचं स्वतःचं काहीतरी सतरा वर्षं त्याच्याकडे पडून होतं, ते ती मोजून घेत होती.

"आईला सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही."

"तिला आधी सांगा. आजच सांगा." तिने फडकं पुन्हा तोंडावर चढवलं. फडक्यावरचे डोळे लाल झाले होते. "आणि आता जा, बाबा. मला हे अकराला द्यायचंय."

तो चालतच घरी आला. दोन बस गेल्या तरी चढला नाही. आईला का, हे त्याला कळत नव्हतं. बायकोचा यात काय संबंध? ती तर तलावावर कधी यायचीही नाही. दाराशी चपला न काढता तो उभा राहिला. बायको टेबलापाशी चष्मा लावून विजेचं बिल वाचत होती. "कुठे गेला होतात सकाळीच? न सांगता?" ती म्हणाली.

"आपल्या पोरीचे घोटे कधी सुटतच नव्हते," तो म्हणाला. "सूर मारताना. मी तिला तसं सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं."

त्याला वाटलं होतं ती विचारेल, कुठले घोटे, काय बोलताय. तिने काही विचारलं नाही. चष्मा काढला, तो बिलावर ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"ती मला सांगायची," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात येऊन, ओट्याला टेकून सांगायची. आई, माझे नाही गं सुटत, मला कळतंय ना आतून. रोज सांगायची. आणि मी म्हणायचे, बाबांना जास्त कळतं." तिने त्याच्याकडे वर बघितलं. "रोज सांगायची हो ती मला."